सुकरीनं भरलेली डबी

इर्पाटोल्यात कोणालाही विचारा, सुकरी भित्री आहे का म्हणून, तर तो तुमच्या तोंडाकडेच बघत राहील. मोहफुलं वेचताना अस्वलीण अंगावर आली, तेव्हा याच बाईनं भरलेली टोपली तिच्या थोबाडावर फेकली आणि झाडाआड उभं राहून असा काही आरडाओरडा केला, की अस्वलीण पिल्लं घेऊन पळत सुटली. दंडावर पंजाची खूण अजून आहे. कोणी फारच मागे लागलं तर ती पदर सरकवून दाखवते आणि वर म्हणते, "तिलेबी पोट्टे होते, मलेबी होते. दोघीबी भेलो. मी जास्त बोंबलली, एवढंच."

आलापल्लीकडून आत वळणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, चहूबाजूंनी साग आणि बांबू. इथली निम्मी पोरं सुकरीच्या हातावर जन्माला आली. आता बायका दवाखान्यात जातात, चांगलंच आहे. पण पूर्वी पाऊस असो, वाघ असो, हाक आली की सुकरी कंबरेला पदर खोचून निघायची. अडलेली बाई सोडवताना तिचा हात कधी कापला नाही.

अशी ही बाई एकाच गोष्टीला भ्यायची. तान्ह्या लेकराच्या हगवणीला.

तिची पाठोपाठची दोन लेकरं हगवणीनंच गेली होती, एकाच थंडीत. सकाळी रांगणारं पोर संध्याकाळी फडक्यासारखं होतं हे तिनं बघितलं होतं. डोळे खोल जातात, टाळू खाली बसते, आणि पोर रडतं पण डोळ्यांतून टिपूस येत नाही. त्या कोरड्या रडण्याचा आवाज तिच्या कानात कायमचा राहिला. दुसरं लेकरू गेलं त्या दिवशी तिची सासू म्हणाली होती, "पोट्ट्याचं फडकं नाल्यावर धुतलंस न् तिथीच टाकून आलीस. उचललं कोणी तरी." म्हातारी बोलून मोकळी झाली. सुकरी मात्र ते वाक्य घेऊन पुढचं सगळं आयुष्य जगली.

कारण तिच्या आईनंही तेच शिकवलं होतं. लेकराची नाळ, लेकराचं जावळ, लेकराची नखं आणि लेकराचा गू, हे परक्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. आजारी लेकराचं तर मुळीच नाही. अंगातून निघालं तरी ते त्याचंच असतं, आणि ज्याच्या हाती ते गेलं त्याच्या हाती लेकरू गेलं. घरामागच्या सांदवाडीत खड्डा करायचा, गाडायचं, वर चुलीतली राख टाकायची. हसू नका बाप्पा. ज्याची दोन लेकरं गेली, त्यानं काय मानावं आणि काय मानू नये, हे आपण कोण सांगणार?

तर ती थंडी आली. सुकरीचा मुलगा लालसू मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. घरात सुकरी, सून रंजीता आणि नातू सुरज. सुरज तेव्हा भिंत धरून उभा राहायला लागला होता. गुटगुटीत, हसरा, दिसेल ते तोंडात घालणारा. गावची आशाताई मोनाली हिनं मागे लागून त्याला हगवण होऊ नये म्हणून देतात ते सगळे थेंब पाजून घेतले होते. त्यामुळे रंजीता निर्धास्त होती.

एका सकाळी सुरज दूध ओकला. मग पाणी ओकला. मग लागली त्याला धार. सुकरीनं फडकं उचललं, नाकाशी नेलं. तोच आंबूस वास. इतक्या वर्षांनी तो पुन्हा घरात आला होता आणि तिनं त्याला लगेच ओळखलं.

"मोनालीले बोलाव," ती रंजीताला म्हणाली. "पळ. चप्पल घालत बसू नको."

मोनाली आली, पुडीचं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायला बसली. सुरज एक चमचा घ्यायचा आणि दोन ओकायचा. दुपारी त्याचं रडणं बारीक झालं. सुकरीनं त्याच्या डोळ्यांना बोट लावून बघितलं. कोरडे. मग ती गाडी येईपर्यंत रस्त्यावर पोर पोटाशी घेऊन उभी राहिली. कोणी "बस नं वो माय" म्हटलं तर अंगावर धावून गेली.

तालुक्याच्या दवाखान्यात सुरजला सलाईन लागली. सुकरी त्याचे तळपाय हातात धरून बसली. ते गरम झाले तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला. तेवढ्यात खांद्याला पेटी लावलेला एक तरुण खाटेजवळ आला. अतुल त्याचं नाव, चंद्रपूरकडचा. हगवण लागलेल्या लेकरांची तपासणी करणाऱ्या कामावर तो होता. पोरगा सालस. आधी त्यानं सुरजच्या गालाला बोट लावलं, मग खिशातून झाकणाची एक छोटी डबी काढली.

"आजी, लेकराची शी पाहिजे थोडीशी. या डबीत."

"कायले?"

"कोणत्या जातीचा विषाणू आहे ते पाहाले. रोग एकच, पण त्याच्या जाती लई. आपल्या भागात कोणती फिरून राह्यली ते समजलं, त थेंब कोणते पाहिजे तेबी समजते."

"न् नेतोस कुठी?"

"दूर आहे ते. मोठ्या प्रयोगशाळेत. बर्फात ठेवून नेतो, खराब नाई होत."

अतुल पुढेही चांगलं समजावून सांगत होता, पण सुकरीला दोनच शब्द ऐकू आले. दूर, आणि बर्फात. आत्ता कुठे गरम झालेले ते तळपाय तिच्या मुठीत होते, आणि हा परका पोरगा सुरजचं आतलं काढून बर्फात घालायला निघाला होता. रंजीता दहावीपर्यंत शिकलेली, तिनं केव्हाच हो म्हणून टाकलं होतं. सुदैवानं म्हणा की दुर्दैवानं, त्या दिवशी सगळं फडक्यातच मुरलं, डबीत भरायला काही उरलं नाही. सुरजला घरी सोडताना अतुलनं डबी रंजीताच्या हातात दिली आणि सांगितलं, "सकाळची भरून ठेवा. मीच येतो गावात."

सकाळी रंजीता पाण्याला गेली. सुरजला अजून पातळ होतच होतं, पण खेळत होता. सुकरीनं त्याचं फडकं सांदवाडीत नेलं, खड्डा करून गाडलं, वर राख टाकली. मग ती रिकामी डबी हातात घेऊन उभी राहिली. नाही म्हणावं तर रंजीता भांडणार, मोनाली समजावत बसणार, तो पोरगा पुन्हा पुन्हा येणार. देवा, काय करू?

कुंपणापलीकडे रुखमाची सांदवाडी. रुखमा म्हणजे विधवा, मूलबाळ नसलेली, सुकरीच्याच वयाची. दोघी एकाच साली या गावात सुना म्हणून आल्या होत्या. तिची एक डुकरीण होती आणि नुकतीच व्यालेली होती. त्या पिल्लांतलं एक कुंपणाशी येऊन उभं राहिलं, थरथरलं, आणि पातळ पिवळं हगलं.

बुद्धी फिरली की हात कसा चालतो बघा. सुकरी खाली वाकली, कुंपणातून हात घातला, डबीतल्या चिमुकल्या चमच्यानं ते उचललं, झाकण लावलं आणि डबी पदरानं पुसली. अतुल आला. त्यानं डबीवर सुरजचं नाव लिहिलं, बर्फाच्या पेटीत ठेवली आणि म्हणाला, "आजी, लई मोठं काम केलं तुमी."

सुरज बरा झाला. सुकरीनं मनाशी हिशेब मांडला तो असा, की आपण त्याला परक्या हातात जाऊ दिलं नाही म्हणून तो वाचला. डबीची गोष्ट ती विसरूनही गेली.

थंडी गेली, मोह टपटपू लागला. पहाटेच झाडाखाली जावं, टोपली भरावी, उन्हात फुलं पसरावी असे ते दिवस. त्याच दिवसांत गावात पुन्हा हगवण आली. आधी खालच्या टोल्यावरच्या वस्तीतलं एक पोर, मग वारलूची नात. अतुल त्या दोन्ही घरांतही डबी देऊन गेला. वारलू हा गावचा भूमिया, गावदेवाचं करणारा, शब्दाला वजन असलेला माणूस. त्याच्या नातीला तालुक्याहून थेट गडचिरोलीला हलवलं. तिकडून धड खबर येईना. वारलू दिवसभर गोटुलाच्या, म्हणजे गावच्या बैठकघराच्या, पायरीवर बसून रस्त्याकडे बघायचा.

आणि अशात एक जीप आली. अतुल उतरला, त्याच्यामागून चष्मा लावलेल्या एक डॉक्टर मॅडम. गोटुलात माणसं जमली. मॅडम चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी सांगितलं, की थंडीत सुरजची जी शी नेली होती तिच्यात सापडलेला विषाणू माणसात सहसा दिसत नाही. तो डुकरांत असतो.

सुकरी मागच्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

"रोगाच्या जाती म्हणजे काय वो बाई?" वारलूनं विचारलं.

"नाव एकच, पण कुळं वेगळी," मॅडम म्हणाल्या. "थेंबांमुळे लेकराचं शरीर त्यांना ओळखायला शिकतं. काही कुळं चांगली ओळखता येतात, काही अर्धवट. म्हणून थेंब घेतलेल्या लेकरालाही कधी कधी हगवण लागते, पण बहुधा थोडक्यात सुटते."

"आमच्यात चार देववाले, सहा देववाले असतात, तसं?"

"रोगाले देव कायले जोडतो रे?" एक म्हातारी मागून करवादली.

"देव नाई जोडत, माय. कूळ म्हणून राह्यलो." वारलू पुन्हा मॅडमकडे वळला. "मंग डुकराचं कूळ माणसात आलं त काय होते?"

"तेच बघायला आलोय. एकाच लेकराच्या पोटात माणसाचा आणि डुकराचा असे दोन्ही विषाणू एकदम शिरले, तर त्यांचे तुकडे अदलाबदल होतात. मग तिसरंच कूळ निघू शकतं. त्याला थेंब कितपत आवरतील, सांगता येत नाही. यात कोणाचा दोष नाही हं. फक्त डुकरांना घरापासून दूर ठेवा आणि हात साबणानं धुवा."

कोणाचा दोष नाही हे मॅडम दोनदा बोलल्या. पण लोकांनी ऐकायचं ते ऐकलं होतं. एकेक मान वळली. सुरजच्या घराला लागून डुकरं कोणाची? रुखमाची. आपलं लेकरू नाही कोणाला? रुखमाला. जीप गेली आणि गोटुलात कुजबुज सुरू झाली.

आता हे कसं वाढतं ते सांगायला नको. आधी विहिरीवर रुखमा आली की बायका घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या. मग कोणाला आठवलं, की तिनं वारलूच्या नातीला एकदा बोर खाऊ घातलं होतं. खालच्या टोल्यातल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला होता म्हणे. सुरजला तर ती रोजच मांडीवर घ्यायची. एका सकाळी तिच्या दारात राखेची रेघ दिसली. नंतर तिची डुकरीण सांदवाडीत मरून पडलेली सापडली, मानेवर कुऱ्हाडीचा घाव. पिल्लं तिच्या थंड पोटाशी लुचत होती.

सुकरीनं कुंपणातून ते बघितलं आणि घरात येऊन दार लावून घेतलं.

दूरच्या एका गावात मागे अशीच एक बाई होती. तिचं काय झालं ते कोणी तोंडानं सांगत नाही. तिच्या घराच्या जागी आता नुसतं गवत आहे. पोलिसांचा कॅम्प जवळ होता, नाही असं नाही, पण गावात पोलीस आणणं म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडणं. आणि पोलीस परत गेल्यावर रुखमानं राहायचं कुठे?

संध्याकाळी रुखमा कुंपणाशी आली. तिचा आवाज बसला होता.

"सुकरी, तूबी मानतेस का वो?"

सुकरीच्या ओठापर्यंत सगळं आलं होतं. पिल्लू, चमचा, डबी, सगळं.

"बोल नं. तू बोललीस त मी जाते माहेराकडे. भाऊ नाई ठेवणार, पण जाते. तुह्या नातवाले मी मांडीवर घेतलं, बाई. दुसरं काई नाई केलं."

"घरात जा," सुकरी कशीबशी म्हणाली. "आतून कडी घाल."

तेवढंच बोलली, आणि नंतर स्वतःच्या जिभेला शिव्या देत बसली. पण बोलणार तरी कशी? खरं सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, मग सुरजचं खरं तू कुठे ठेवलंस? लपवून गाडलंस? आजारी लेकराचं घेऊन सांदवाडीत काय करत होतीस? रुखमाच्या दारातली राख उचलून लोक तिच्या दारात टाकतील. म्हातारी, नवरा नसलेली, दोन लेकरं खाल्लेली. रुखमाहून तीच जास्त शोभेल त्यांना. मग रंजीता कुठे जाईल? सुरज कुठे जाईल?

त्यात सुरजला पुन्हा पातळ व्हायला लागलं. दात येत होते म्हणून की काय, कोणास ठाऊक. मोनालीनं पुडीचं पाणी सुरू केलं, या वेळी पोटात टिकत होतं. पण गावानं नोंद घेतली. बघा, म्हणाले, परत धरलं.

दुसऱ्या दिवशी वारलूनं गोटुलासमोर गाव बोलावलं. रुखमाला पलीकडच्या गावच्या, करणी ओळखणाऱ्या पुजाऱ्यासमोर उभं करायचं, असं ठरत आलं होतं. मोनालीनं टेकडीवर चढून, जिथे फोनला रेंज मिळते तिथून अतुलला कळवलं होतं. तो धापा टाकत मोटारसायकलवर येऊन पोहोचला. वारलूनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आलास त बस. मधात बोलू नको." रुखमा मधोमध उकिडवी बसली होती, डोकं गुडघ्यात घालून. माणसांच्या हातात काठ्या नव्हत्या, पण कुऱ्हाडी रोजच्याप्रमाणे खांद्यावर होत्या, आणि आज त्या कोणी खाली ठेवत नव्हतं.

"गडचिरोलीहून खबर आहे," वारलू म्हणाला. "नात डोळे उघडून नाई राह्यली." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "मले भांडण नाई पाहिजे. मले माह्यी नात पाहिजे. हिनं काई केलं असन त हिनं सोडवावं."

"मी काईच नाई केलं, भाऊ," रुखमा गुडघ्यांतूनच म्हणाली.

दोन माणसं तिला उठवायला पुढे झाली, आणि सुकरी उभी राहिली. अस्वलिणीसमोर बोंबलली होती, आज आवाज पुटपुटण्याएवढाच निघाला.

"ते सुरजचं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"डबीत होतं ते सुरजचं नव्हतं. रुखमाच्या डुकराच्या पिल्लाचं होतं. मीनं भरलं. माह्या हातानं. डुकराचं नेलं, त डुकराचंच निघन नं! हिचा काय दोष?"

अतुलनं दोन्ही हात डोक्याला लावले. मग एकदम गलका उठला.

"मंग सुरजचं कुठी आहे?" वारलूनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "बोल सुकरी. कुठी लपवलंस? काऊन लपवलंस?"

हाच तो प्रश्न. पण आता माघार नव्हती.

"सांदवाडीत. राखेखाली. जिथी तुमी सगळे गाडता तिथीच. वारलूभाऊ, तुह्या सुनेनं दिली का डबी भरून? विचार तिले, इथीच आहे ते."

वारलूची सून, लेकीपाशी नवऱ्याला ठेवून सकाळीच गडचिरोलीहून आलेली, मान खाली घालून उभी होती. तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "मोठ्याची दिली," ती पुटपुटली. "मोठा बरा होता. पोरीची कशी देणार होती?"

मग खालच्या टोल्यातली बाई बोलली, की तिनं भाताच्या पेजेत हळद कालवून दिली होती. अतुल खालीच बसला. इतर वेळी गाव हसून लोळलं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडावर आपलीच भीती दिसली. खांद्यावरच्या एक-दोन कुऱ्हाडी खाली आल्या.

पण वारलूचं समाधान झालं नव्हतं. नात तिकडे, जीव टांगणीला, असा माणूस इतक्या सहज सुटत नाही.

"तू म्हणतेस, रुखमाचा दोष नाई," तो सावकाश म्हणाला. "लेकराचं दुसऱ्याच्या हाती गेल्यानं काई होत नाई, असं म्हणतेस का? मंग तूनं कायले चोरलं? तुह्याच मनात भेव आहे, न् आमाले सांगतेस भिऊ नका. सुरजले पुन्हा लागली आहे नं? दे त्याचं. आत्ता, गावासमोर, या पोराच्या हातात. तू दिलंस, त मी मानतो. रुखमाले कोणी हात नाई लावणार."

रंजीतानं सुरजला छातीशी आवळलं. थंडीत बेधडक हो म्हणणारी पोरगी, पण आज तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता. "आत्या, नको," ती म्हणाली.

सुकरी कधीच म्हणाली नव्हती, की काही होत नाही. तिला ते ठाऊकच नव्हतं. आईनं सांगितलं होतं, सासूनं सांगितलं होतं, आणि दोन लेकरं मातीत गेली होती. मॅडम म्हणतात ते खरं असेल. पण नसेल तर? एका बाजूला रुखमा, एका बाजूला सुरज, आणि मधे ही एवढीशी डबी. मारोत मला, तिला वाटलं, मलाच न्या त्या पुजाऱ्याकडे, पण हे नका मागू.

रुखमानं गुडघ्यांतून डोकं वर काढलं होतं. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

सुकरीनं रंजीताच्या हातातून सुरजला ओढूनच घेतलं. चार पावलं चालून ती रुखमापाशी आली आणि पोर तिच्या मांडीवर ठेवलं. "धर," ती म्हणाली. "नीट धर." रुखमाचे हात वर आले आणि सवयीनं पोराच्या पाठीला टेकले. सुरज तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळू लागला. सुकरीनं त्याचं फडकं सोडलं, अतुलकडून डबी मागून घेतली, चमच्यानं भरली, झाकण लावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात कापत होता आणि सगळं गाव ते बघत होतं.

"नाव लिव," ती अतुलला म्हणाली. "सुरज लालसू. हे खरं आहे."

अतुलनं नाव लिहिलं. पेटी तो नेहमी मोटारसायकलच्या मागे दोरीनं करकचून बांधायचा. त्या दिवशी सुकरीनं पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हळू ने रे, बाबा. त्याच्यात माह्यं लेकरू आहे." अतुलनं दोरी सोडली, पेटी गळ्यात अडकवून पोटाशी घेतली आणि धक्के चुकवत निघून गेला.

वारलूनं शब्द पाळला. त्याची नातही परत आली, वाळून काडी झालेली, पण आली. रुखमा विहिरीवर आली की आता कोणी घागर उचलून बाजूला होत नाही. डुकरीण मात्र कोणी मारली, ते कोणी कबूल केलं नाही. सुकरी त्या पिल्लांना आपल्या वाट्याची पेज घालते.

बऱ्याच दिवसांनी अतुल आला. सुकरी परसात सुरजला झोपवत होती. त्यानं सांगितलं, की डबीतला विषाणू माणसांतलाच निघाला, नेहमीच्याच कुळातला, डुकराचं नाव आता काढून टाकलं. थंडीतला मात्र कोणता होता, ते आता कोणालाच कळणार नाही.

सुकरीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "डबी परत आणलीस का?"

"नाई आजी. ते तिथीच राहते. बर्फात ठेवतात, जपून. पुढंमागं पाहाले कामी पडते."

"किती दिवस?"

"वर्षानुवर्षं."

अतुल गेल्यावर तिनं झोपलेल्या सुरजचे तळपाय हातात घेतले. गरम होते. तरीही तो जागा होऊन रडेपर्यंत, आणि डोळ्यांतून पाणी येतंय हे दिसेपर्यंत, तिनं ते सोडले नाहीत.